वऱ्हाडातील न्यायालयांचे दप्तर

इसवी सन १८० मध्ये, जुलैच्या १७ तारखेस, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत रोमन प्रांताधिपती सतुर्निनस याच्यासमोर सिल्लियम या लहानशा गावचे बारा ख्रिस्ती स्त्रीपुरुष उभे करण्यात आले. प्रांताधिपतीने प्रश्न विचारले, त्यांनी उत्तरे दिली. विचार करण्यास तीस दिवसांची मुदत देऊ केली असता ती त्यांनी नाकारली. स्पेरातुस नावाच्या आरोपीला पेटीत काय आहे असे विचारले, तेव्हा काही ग्रंथ आणि संत पौलाची पत्रे आहेत असे त्याने सांगितले. अखेरीस शिक्षा वाचून दाखविण्यात आली. या प्रसंगाचा जो वृत्तांत आज उपलब्ध आहे तो भक्तिपर चरित्राच्या वळणाचा नाही. त्याचा घाट सरळ न्यायालयीन टिपणाचा आहे; प्रश्न, उत्तर, निकाल. लॅटिन ख्रिस्ती वाङ्मयातील तारीखवार असा हा सर्वांत जुना लेख मानला जातो. त्या काळच्या श्रद्धावंतांनी खटल्याचा वृत्तांत उतरवून जपला, म्हणून ती बारा माणसे आपल्याला केवळ नावाने नव्हे, तर त्यांच्या बोलण्याने ठाऊक आहेत.

न्यायालयाचा कागद हा इतिहासाचा कागद असतो, ही जाण आपल्या कुटुंबांत फारशी आढळत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण इतकी मनावर घेतली आहे की, आजोबांचा दावा ज्या कोर्टात चालला तेथे त्याचे काय उरले आहे हे विचारण्यासाठीही आपण ती पायरी चढत नाही. घराण्याचा इतिहास लिहू पाहणारे तरुण बाप्तिस्म्याची व विवाहाची नोंदवही पाहण्यासाठी पॅरिशमध्ये येतात, तलाठ्याकडून सातबारा आणतात आणि तेथेच थांबतात. सातबारा हा महसुलाचा कागद. त्यावर जमीन कोणाच्या नावे आहे हे कळते. भाऊ भावाविरुद्ध का उभा राहिला, विधवा सुनेने काय मागितले, साक्षीला कोण आले, हे त्यात नसते. ते न्यायालयाच्या दप्तरात असते.

वऱ्हाडात हे दप्तर शोधू पाहणाऱ्याने प्रथम एक प्रश्न स्वतःला विचारावा. त्या साली येथे अंमल कोणाचा होता, आणि अपील कोठे जात असे? पुण्याकडच्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही. त्याचे उच्च न्यायालय १८६२ पासून मुंबईचेच आहे. आपले तसे नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले, १८६० च्या तहाने त्यात फेरफार झाले, तरी स्वामित्व निजामाचेच राहिले आणि कारभार हैदराबादेतील ब्रिटिश रेसिडेंटच्या देखरेखीखाली चालला. १९०२ च्या कराराने हा प्रांत वार्षिक २५ लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि पुढील वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. तेव्हापासून अपिलाची वाट नागपूरकडे वळली. प्रथम तेथे ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते. जानेवारी १९३६ मध्ये नागपूर हायकोर्ट स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ सुरू झाले. या सर्वांच्या वर १९४९ पर्यंत लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती. (वऱ्हाड हा कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्याने हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, ते वेगळे लागू करावे लागत, तो गुंता आवरण्यासाठी १९४१ साली 'बेरार लॉज ॲक्ट' नावाचा एक स्वतंत्र कायदाच करावा लागला. जुन्या निकालपत्रात हा उल्लेख आला तर वाचकाने गोंधळून जाऊ नये.)

जिल्ह्यांच्या सीमाही स्थिर राहिल्या नाहीत. १९०५ पर्यंत वऱ्हाडाचे सहा जिल्हे होते. त्या वर्षी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, अमरावती जिल्ह्यात विलीन झाले. वाशीम जिल्हा मोडून त्याचा काही भाग अकोल्याला व काही यवतमाळला गेला. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम पुन्हा वेगळा झाला. म्हणजे वाशीमकडील एखाद्या गावचा दावा १९०० साली एका जिल्ह्यात, १९५० साली दुसऱ्यात, आणि आज पुन्हा पहिल्यात. कागद मात्र सीमेबरोबर चालत जातोच असे नाही. म्हणून वाशीमच्या माणसाने अकोल्यास आणि अचलपूरच्या माणसाने अमरावतीस विचारल्याशिवाय शोध संपला असे समजू नये. रेसिडेन्सीच्या काळातील वरिष्ठ पातळीचा पत्रव्यवहार नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, हैदराबाद रेसिडेन्सीच्या दप्तरात आहे.

हा सारा प्रवास एकाच प्रकरणात पाहावयाचा असेल तर शिरपूरचे प्रकरण पाहावे. शिरपूर हे पूर्वी अकोला जिल्ह्यात, आज वाशीम जिल्ह्यात असलेले गाव. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर जैनांच्या श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही पंथांना पूज्य आहे. १९०५ साली उभयतांनी पूजेचे वेळापत्रक ठरवून घेतले होते. पुढे वाद वाढला आणि १९१० साली अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. १९१८ साली त्याचा निकाल लागला. अपिलात नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाने १९२३ साली निर्णय दिला. १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे आणि वेळापत्रकाप्रमाणे पूजेचा हक्क दिगंबरांना, असे त्याचे स्थूल स्वरूप. कोणाचे म्हणणे रास्त, यात शिरण्याचे मला कारण नाही; दोन पंथांच्या श्रद्धेचा तो प्रश्न आहे. मला येथे दप्तरापुरते बोलावयाचे आहे. पुढे कित्येक दशके ते मंदिर बंद राहिले, आणि २०२३ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा आधार त्याच जुन्या हुकूमनाम्याचा होता. अकोल्यात मांडलेल्या दाव्याचा कागद शंभर वर्षांनंतरही जिवंत होता. तो नसता तर उभय पक्षांच्या हाती आठवणींखेरीज काय उरले असते?

एवढ्या मोठ्या प्रकरणांचे निकाल छापील ग्रंथांत मिळतात. 'ऑल इंडिया रिपोर्टर' तर नागपुरातूनच निघत आला आहे. सामान्य कुटुंबाचा दावा छापला जात नाही. त्याची नक्कलच मागावी लागते.

नक्कल मागणे ही मेहेरबानी नव्हे. न्यायालयाचे न्यायनिर्णय व कामकाजाचे कागद हे सार्वजनिक दस्तऐवज आहेत, आणि ज्याला ते पाहण्याचा हक्क आहे त्याला फी भरल्यावर प्रमाणित प्रत दिलीच पाहिजे, असे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ही तरतूद तशीच राहिली आहे. दिवाणी दाव्यातील पक्षकारास न्यायनिर्णयाची व हुकूमनाम्याची नक्कल स्वखर्चाने मिळण्याचा हक्क १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. जो पक्षकार नाही, त्याने आपले नाते व कारण प्रतिज्ञापत्रावर मांडावे. मृत पक्षकाराच्या वारसाने वारसा दाखवणारे कागद जोडावेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकून काम होईल अशी अनेकांची समजूत आहे. तसे नाही. न्यायालयीन कामकाजाच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

अर्ज कोर्ट फी स्टॅम्प लावून नक्कल विभागात द्यावयाचा असतो. त्यात न्यायालयाचे नाव, दाव्याचा प्रकार, क्रमांक व साल, उभय पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि हवे असलेले कागद नेमके लिहावे लागतात. 'सर्व कागद द्यावेत' असे लिहिणे सोपे, पण त्याने खर्च वाढतो. आधी अवलोकनाचा अर्ज करून फाईल पाहावी, मग दावापत्र, कैफियत, तडजोड पुरसीस किंवा अमुक क्रमांकाची निशाणी, असे निवडून मागावे. अलीकडच्या खटल्यांना सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो आणि पक्षकाराच्या नावावरूनही संगणकावर शोध लागतो. जुन्या दाव्यांना ही सोय नाही. त्यांचा क्रमांक घरच्याच पेटीत मिळण्याचा संभव अधिक. कोर्टाच्या समन्सवर, वकिलाच्या पत्रावर, सातबाऱ्याच्या फेरफार नोंदीत 'कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे' या शब्दांपुढे. दावा चालविणाऱ्या वकिलांच्या वारसांकडेही कधी कधी जुनी बासने असतात.

नक्कल हाती आली की शेवटचे पान पाहावे. अर्जाची तारीख, प्रत तयार झाल्याची तारीख व दिल्याची तारीख तेथे लिहिलेली असते. अपील करावयाचे असल्यास नक्कल मिळण्यात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, आणि त्याचा हिशेब याच तारखांवरून होतो.

ख्रिस्ती कुटुंबांना या दप्तराचे महत्त्व इतरांहून काहीसे अधिक आहे, ते दोन कायद्यांमुळे. पहिला १९२५ चा भारतीय वारसा कायदा. २००२ च्या दुरुस्तीपूर्वी ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्रावर न्यायालयात हक्क शाबीत करावयाचा तर प्रोबेट घ्यावेच लागे. जिल्हा न्यायाधीशाने प्रोबेट दिलेले मूळ मृत्युपत्र त्या न्यायालयाच्या दप्तरातच जतन करावे, असे हाच कायदा सांगतो. आजीने घर धाकट्याला दिले होते की तिघांना, यावर दोन पिढ्या अबोला धरणाऱ्या कुटुंबाने आजीच्या सहीचा कागद कदाचित आपल्याच जिल्हा न्यायालयात आहे, हे एकदा तपासून पाहावे. दुसरा १८६९ चा घटस्फोट कायदा. त्यानुसार जिल्हा न्यायाधीशाने दिलेला विवाहविच्छेदाचा हुकूमनामा उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. २००१ च्या दुरुस्तीने ही अट गेली. त्याआधीचा कागद म्हणून अकोला-अमरावतीबरोबर नागपूरलाही शोधावा.

दिरंगाईने काय जाते तेही सांगितले पाहिजे. १९१७ च्या अभिलेख नाश कायद्याखाली उच्च न्यायालयाने ठरविलेल्या नियमांप्रमाणे निकाली प्रकरणांचे कागद वर्गवारी करून ठेवले जातात. काही कायमचे, काही ठरावीक वर्षांपुरते. न्यायनिर्णय आणि हुकूमनामा यांना दीर्घ आयुष्य. किरकोळ अर्ज, समन्स, किरकोळ टिपणे लवकर जातात. प्रशासनाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. सगळे ठेवू म्हटले तर इमारती पुरणार नाहीत. पण माणसे कशी बोलत होती, घरात कोणती भांडी होती, कापसाचा भाव त्या साली काय होता, हे अनेकदा त्या 'किरकोळ' कागदांतच असते. मूळ खरेदीखते आणि वाटणीपत्रे यांची गोष्ट याहून गंभीर. दाव्यात पुरावा म्हणून हजर केलेला आपला मूळ दस्तऐवज, अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपील निकाली निघाल्यावर, अर्ज करून परत घेता येतो. कित्येक कुटुंबे निकाल लागताच घरी परततात आणि दस्त फाईलमध्येच राहतो. जुना दस्त मोडीत असल्याने घरात कोणाला वाचता येत नाही, म्हणून त्याची आठवणही उरत नाही.

फाईल नष्ट झाली असे उत्तर मिळाले तरी एक विचारणा बाकी राहते. प्रत्येक दिवाणी न्यायालयाला दाव्यांची नोंदवही ठेवावी लागते आणि तीत दरसाल अनुक्रमाने दावे चढविले जातात. वादी-प्रतिवादींची नावे, मागणी आणि निकाल थोडक्यात तीत लिहिलेले असतात. अभिलेख कक्षात त्या सालची ती वही मागावी.