क्रेगलॉकहार्टच्या कार्योपचाराची कुळकथा

एडिनबराच्या नैऋत्य भागातील क्रेगलॉकहार्टची इमारत १८८० च्या सुमारास जलोपचारगृह म्हणून उभी राहिली. ऑक्टोबर १९१६ मध्ये ती लष्कराकडे गेली आणि ‘शेल शॉक’ने खचलेले अधिकारी तिथे येऊ लागले. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, ही त्या नावामागची समजूत. स्फोटाच्या जवळपासही न फिरकलेल्या सैनिकांची वाचा गेली, हातपाय लुळे पडले, तेव्हा ती डळमळली. चार्ल्स मायर्सने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’मधून हे नाव वैद्यकात आणले; दोनच वर्षांत लष्कराने त्याच्या वापरावर बंधने घातली.

या रुग्णालयाची प्रसिद्ध बाजू म्हणजे डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स आणि त्यांचा रुग्ण, कवी सीगफ्रीड ससून. भयाण आठवणी दडपू नयेत, त्यांच्याकडे सरळ पाहावे, असे रिव्हर्स सांगत. त्याच छताखाली डॉ. आर्थर ब्रॉक यांचा मार्ग मात्र निराळा होता, आणि त्याची वंशावळ अधिक चमत्कारिक आहे.

ब्रॉक यांच्या उपचाराचे नाव ‘अर्गोथेरपी’, म्हणजे कार्योपचार. युद्धाने माणसाचे परिसराशी असलेले नाते तुटले आहे. ते त्यानेच काम करत पुन्हा जोडायचे, हे त्यातले सूत्र. जमिनीवरून उचलला जाताच बळ गमावणारा ग्रीक पुराणातला अँटिअस हे ब्रॉक यांचे आवडते उदाहरण. रुग्णांना खोलीत पडून राहण्याची मुभा नसे. आसपासचा परिसर फिरून न्याहाळणारा फील्ड क्लब, बागकाम, नाटके, ‘द हायड्रा’ हे नियतकालिक, काही ना काही मागे लागलेले असे. जून १९१७ मध्ये आलेला कवी विल्फ्रेड ओवेन हा त्यांचाच रुग्ण. त्याने ‘हायड्रा’चे संपादन केले आणि टाइनकॅसल शाळेत मुलांना शिकवले.

ही कल्पना आली कुठून? एक उत्तर मनोरुग्णालयांकडे बोट दाखवते: यॉर्कच्या ‘रिट्रीट’मध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रुग्णांना काम दिले जाई. दुसरे उत्तर क्षयाच्या आरोग्यधामांचे: फ्रिमली येथे मार्कस पॅटरसन रुग्णांकडून टप्प्याटप्प्याने वाढत्या श्रमाचे काम करवून घेत. तिसरे प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनचे: ब्रॉक यांनी त्याच्या ग्रंथाचा केलेला इंग्रजी अनुवाद १९१६ मध्येच निघाला होता. देहाकडे अखंड म्हणून पाहण्याची दृष्टी गॅलेनकडून आली, हे मान्य करता येते. पण यॉर्क आणि फ्रिमलीत काम हे शिस्तीचे किंवा व्यायामाचे साधन होते. रुग्णाने भोवतालचा मुलूख आणि तिथली माणसे न्याहाळावीत, हा ब्रॉक यांचा आग्रह त्यांपैकी कुठेच सापडत नाही.

तो सापडतो एका नगररचनाकाराकडे. पॅट्रिक गेडिस मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. स्थळ, काम आणि लोक यांचा एकत्र विचार ही फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्याकडून घेतलेली त्रिसूत्री त्यांनी शहरांना लावली. शहराला हात लावण्याआधी त्याची पाहणी करा, हा त्यांचा नेम. एडिनबराचा आउटलुक टॉवर त्यासाठीच होता. ब्रॉक हे गेडिस यांचे अनुयायी. आजारी शहरासाठी बेतलेली पद्धत त्यांनी आजारी अधिकाऱ्यांना लावली, हाच या कुळकथेतला सर्वांत बळकट धागा. फील्ड क्लब हा त्याचा उघड पुरावा: नुसता वेळ घालवायचा असता तर पत्त्यांचा डावही पुरला असता.

या धाग्याचे दुसरे टोक मुंबईत निघते. १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाची विलायतेतील शिक्षणासाठी निवड केली. घुर्ये लंडनहून केंब्रिजला गेले, ते नेमके रिव्हर्स यांच्याकडे! निलगिरीतल्या तोडा जमातीवर १९०६ मध्ये ग्रंथ लिहिणारे रिव्हर्स युद्धानंतर मानववंशशास्त्राकडे परतले होते. क्रेगलॉकहार्टमधल्या दोन्ही वाटा अशा एका मराठी अभ्यासकापाशी येऊन मिळाल्या, एक गेडिसमार्फत आणि दुसरी थेट. जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. पुढचे मार्गदर्शन ए. सी. हॅडन यांनी केले, आणि १९२४ मध्ये गेडिस यांच्यामागे मुंबईच्या विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली.