सातशे डॉलरांचे भांडवल

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील विल्कॉक्स परगण्यात अलाबामा नदी मोठा वळसा घेऊन ज्या भूभागाला तीन बाजूंनी वेढते, तेथे गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. १८१६ साली जोसेफ गी याने तेथे कापसाचा मळा वसविला. पुढे १८४५ साली २९,००० डॉलरांच्या कर्जाच्या फेडीत तो मळा मार्क पेटवे या आप्ताच्या ताब्यात गेला, आणि जमिनीबरोबर तीवर राबणारी माणसेही यादीतील कलमे म्हणून नव्या मालकाकडे हस्तांतरित झाली. दास्य कायद्याने संपले, तरी मालकाचे आडनाव लोकांच्या अंगी चिकटून राहिले आणि जमीन अर्धेलीने कसण्याची रीतही तशीच राहिली. बी-बियाणे आणि खत उधारीवर, पीठमीठही उधारीवर, आणि हंगामाअखेर होणारा हिशेब मात्र दुसऱ्याच्या वहीत. उधारी देणारा एक व्यापारी मरण पावल्यावर १९३२ साली त्याच्या विधवेने सुमारे ६० कुटुंबांवर जप्ती आणली. गुरे, अवजारे, साठविलेले अन्न, जे हाती लागले ते वसुलीखाली नेण्यात आले.

गोधडी ही या दारिद्र्यातील नित्याची गरज होती. फळ्यांच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवूनही वारा आत येई, म्हणून पिठाची व खताची पोती, शेतकामाने विरलेल्या जाड विजारी, मुलांना आखूड झालेले कपडे, यांतील जो भाग धड असेल तो कापून स्त्रिया वरचा पदर जुळवीत. हे जुळविणे जिने तिने आपापल्या घरी, आपल्या बुद्धीने करावयाचे. मग कापसाचा थर व अस्तर घालून ते चौकटीवर ताणावयाचे आणि शेजारणींनी भोवती बसून टाके घालावयाचे, अशी तेथील वहिवाट होती. एका चौकोनाभोवती पट्ट्या वाढवीत नेण्याची जी तऱ्हा तेथे ‘हाउसटॉप’ म्हणून ओळखली जाते, तीतही एकीचा नमुना दुसरीच्या नमुन्यासारखा सहसा नसे. मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची जी गोधडी शिवली, तिचे मोल आईच्या लुगड्याची गोधडी जपणाऱ्या घरांना निराळे सांगावे लागणार नाही.

१९६५ साली या भागातील कृष्णवर्णीय मतदार म्हणून नावनोंदणीसाठी पुढे येऊ लागले, तेव्हा जमीनमालकांनी कुळांना बेदखल करण्याचे अस्त्र उपसले. गीज बेंडहून परगण्याचे मुख्य ठिकाण कॅम्डन येथे जाण्याची होडी तर १९६२ सालीच बंद झाली होती, आणि नदीपलीकडच्या नोंदणी-कचेरीत पोहोचण्यास रस्त्याने फार मोठा फेरा पडे. बेदखल झालेल्यांच्या जबान्या टिपून घेत फिरणाऱ्या फ्रान्सिस वॉल्टर या एपिस्कोपल पंथाच्या धर्मोपदेशकाला १९६५ च्या डिसेंबरात एका घराच्या दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या, आणि त्यांच्या विक्रीतून या लोकांना काही उत्पन्न होऊ शकेल असा विचार त्याच्या मनात आला. त्याच्या हाती आलेली देणगी होती ७०० डॉलरांची. तीतून प्रत्येक गोधडीस १० डॉलर रोख देऊन त्याने माल गोळा केला आणि न्यूयॉर्कमध्ये लिलावास ठेवला. मार्च १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन झाली, व तिचा कारभार पुढे वीस वर्षांहून अधिक काळ एस्टेल विदरस्पून या कर्तबगार स्त्रीने सांभाळला. ७०० डॉलरांत एवढी संस्था उभी राहिली याचे मला नवल वाटत नाही. कारण कसब, चौकटीभोवती एकत्र बसण्याची सवय आणि परस्परांवरचा विश्वास हे भांडवल पिढ्यान्‌पिढ्या तेथे साचलेलेच होते, उणीव होती ती केवळ रोख दाम मोजणाऱ्या ग्राहकाची.

ग्राहक आला तो मात्र आपल्या अटी घेऊन आला. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांना शंभर गोधड्या हव्या असत त्या एकाच मापाच्या, एकाच रंगसंगतीच्या, मोजून घातलेल्या टाक्यांच्या. जिने आजवर नमुन्याला स्वतःच्या मनासारखे वळण दिले, तिला आता दुसऱ्याने आखून दिलेला नमुना बिनचूक उतरवावा लागे, आणि ज्यांना ते जमले नाही किंवा रुचले नाही त्या संस्थेपासून दूर राहिल्या. ही हानी खरीच होती. तथापि नियमित मजुरी म्हणजे काय, हे ज्यांनी आयुष्यात प्रथमच अनुभवले त्यांनी ती पत्करली, यात मला तरी दोष दिसत नाही. १९७२ साली सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशीच्या अभ्र्यांचे काम मिळाले. त्या साचेबंद कामाच्या कापणीतून उरलेली चिंधुकली बायकांनी घरी नेली आणि आपल्या मर्जीने जोडली. त्यांतून निपजलेल्या उबदार, गडद रंगांच्या गोधड्या गीज बेंडच्या उत्तम कामांत गणल्या जातात. २००२ साली ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, आणि २००६ साली अमेरिकी टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली.

संग्रहालयांचा हा मान मोठा आहे. परंतु संस्थेचे कार्य मोजावयाचे तर मी तो आधी धरणार नाही. विक्रीतून उरलेल्या पैशांतून संस्थेने २३ एकर जमीन खरेदी केली, तीवर १९६९ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ शिवणकेंद्राची इमारत उभारली आणि कामावर येणाऱ्या आयांच्या लेकरांसाठी पाळणाघर चालविले. २०१२ साली संस्था बंद झाली. त्या २३ एकरांपैकी इमारतीस न लागणारी जमीन तिने तुकडे पाडून विकली होती, आणि मतदार यादीत नाव घातल्याबद्दल ज्यांना घराबाहेर काढण्यात आले होते, अशा कुटुंबांच्या नावे त्या तुकड्यांची खरेदीखते झाली होती.