भंडारा नगरपरिषद : हद्दीच्या आत आणि बाहेर

भंडाऱ्याची नगरपालिका १८६७ सालची. नागपूरचं राज्य खालसा होऊन तेव्हा दीड दशकही उलटलं नव्हतं. १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १४,०२३ भरली आणि गॅझेटियरने गावाचा मुख्य धंदा म्हणून नोंद केली ती पितळी भांड्यांची.

हा धंदा गावात होता म्हणण्यापेक्षा गावच त्याच्या भोवती बसलं होतं. तांबं आणि जस्त मुशीत वितळवायचं, पत्रा काढायचा, तो कापून डाक लावून जोडायचा, मग ठोके देत देत गुंड, घागर, परात, कोपर घडवायचे. कच्च्या मालाचा मोठा भाग म्हणजे घराघरातली मोड. गिऱ्हाईक फुटकं भांडं घालून नवं घेई, आणि लेकीच्या आंदणात पितळेची भांडी नसली तर लग्न अपुरं वाटे. भट्टी, दुकान आणि राहतं घर एकाच छपराखाली असल्यामुळे कारागीर, व्यापारी आणि करदाता हे सगळे नगरपालिकेच्या हद्दीतच नांदत. धूर आणि आवाज गावाने सोसला, पण त्याची कमाईही गावातच राहिली. भंडाऱ्याच्या पुढच्या सगळ्या बदलाकडे मी याच हिशेबाने पाहतो.

स्टेनलेस स्टील आलं, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आलं, परगावचा यंत्रावरचा स्वस्त माल आला. तांब्या-जस्ताचे भाव चढत गेले. भट्ट्या एकदम विझल्या नाहीत. मुलं दुसऱ्या कामाला लागली तशी एकेक बंद झाली. आज ‘पितळनगरी’ हे बिरुद शहर मिरवतं, पण ठोक्यांचा आवाज मोजक्याच घरांतून येतो.

उद्योग जिल्ह्यातून गेला मात्र नाही. जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली, ऐंशीच्या दशकात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आला, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आला. हे सारं नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. कामगारांची बिऱ्हाडं, पोरांच्या शाळा, दवाखाने, बाजार यांचा भार शहरावर पडला आणि कारखान्यांचा कर ग्रामपंचायतींकडे गेला. ग्रामपंचायतींचा तो हक्कच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०११ मध्ये ९१,८४५ वस्तीचं झालेलं शहर कशावर चालवायचं, याचं उत्तर कुणी दिलं नाही. गणेशपूर, खोकर्ला, बेला, भोजापूर या बाजूंना लेआऊट पडत गेले. तिथला माणूस रोज भंडाऱ्यात वावरतो, त्याच्या घराचा कर मात्र दुसरीकडे जमा होतो, आणि त्याच्या नालीचं पाणी कोणी अडवायचं यावर दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात.

१९९९ साल नगरपरिषदेला जड गेलं. १ मे रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अर्ध्या जिल्ह्याची कचेरीची कामं तिकडे वळली. त्याच वर्षी राज्यातल्या नगरपरिषदांची जकात रद्द झाली. नाक्यावर रोज जमणारा स्वतःचा पैसा संपला आणि सरकारी अनुदानाची वाट पाहणं नशिबी आलं. उत्पन्न असं आटलं, कामांची अपेक्षा मात्र वाढलेली होती: सहाच वर्षांपूर्वी ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांपुढे अठरा विषयांची यादी ठेवली होती.

सगळ्यात कठीण प्रश्न पाण्याचा आहे. भंडारा वैनगंगेचं पाणी पितं. पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्याची पूर्ण पातळी २४५.५० मीटर, आणि फुगवटा थेट भंडाऱ्यापर्यंत पोहोचतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. हा संगम आंभोऱ्याजवळ, म्हणजे शहराच्या खालच्या अंगाला आहे. नदी वाहती होती तोवर ती घाण खाली निघून जाई. पाणी तुंबल्यावर ती वर सरकू लागली. पाण्याचा त्रास पुराचाही आहे: ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतून पाणी सोडलं गेलं तेव्हा शहराचे सखल भाग बुडाले. सांडपाणी नागपूरचं, धरण राज्याचं, आणि रिकामी घागर घेऊन बाई येते ती भंडाऱ्याच्या नगरपरिषदेच्या दारात.

आता याच जलाशयावर जलपर्यटनाच्या योजना आहेत. संधी खरी आहे. मोठ्या पाण्याकाठी वसलेली जिल्ह्याची गावं विदर्भात फार नाहीत, नागपूर तासा-दीड तासावर आहे, शहराला खांब तलावासारखे जुने तलावही लाभले आहेत. पण बोटी आधी आणि मलनिस्सारण नंतर हा क्रम मला मान्य नाही. नागपूरचं सांडपाणी शुद्ध होऊनच नदीत सुटावं यासाठी भंडाऱ्याने अधिकृतपणे, दर महिन्याच्या पाणी तपासणीचे आकडे जाहीर करून भांडलं पाहिजे.

२०२२ नंतर राज्यातल्या इतर नगरपरिषदांसारखाच भंडाऱ्याचाही कारभार प्रशासकाकडे होता. रस्ते झाले, टेंडरं निघाली, पण वॉर्डातल्या माणसाला जाब विचारायला नगरसेवक नव्हता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि सभागृह पुन्हा भरलं. नव्या सभागृहापुढची दोन कामं मला तातडीची वाटतात. पहिलं हद्दवाढीचं. भोवतालच्या गावांना विश्वासात घेऊन, आधी पाणी आणि नाल्यांची लेखी हमी देऊन. दुसरं पितळेचं. घरोघरची धुराची भट्टी परत आणता येणार नाही, आणू पण नये. नगरपरिषदेने जागा द्यावी, गॅसवर चालणारी सामाईक भट्टी आणि पत्रा काढायचं यंत्र तिथे बसवावं, शेजारी विक्रीचे गाळे असावेत. पितळ आणि तांब्याच्या भांड्यांकडे लोक पुन्हा वळताहेत. ते गिऱ्हाईक आज दुसऱ्या राज्यांचा माल घेतं. ज्यांच्या हाताला डाक लावण्याचं आणि ठोक्याचं कसब आहे ते कारागीर आता म्हातारे आहेत. शिकवणारे आहेत तोवर, म्हणजे याच सभागृहाच्या मुदतीत, हे व्हायला हवं.