चेक कुणाच्या नावावर?

दर चार महिन्यांनी आजीच्या मोबाइलवर मेसेज येतो: पीएम-किसानचे २००० रुपये जमा. शेत मात्र कित्येक वर्षं गावातले एक काका बटईने करतात. पेरणी त्यांची, फवारणी त्यांची, सातबारा आजीचा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हा एका रकान्याचा प्रश्न वाटतो. लाभार्थी म्हणजे नेमकं कोण?

हाच रकाना नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतही चुकला होता.

१९२९ मध्ये पौंडाला साधारण १७ सेंट मिळवणारा कापूस १९३२ पर्यंत सहा-साडेसहा सेंटांवर आला. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कायदा केला: कमी पिकवा, त्याबद्दल पैसे घ्या. तोवर कापूस उगवून आला होता. म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी एकरांवरचं उभं पीक नांगरलं गेलं. रोपावर पाय द्यायचा नाही हे शिकवलेली खेचरं ओळीवरून चालायलाच तयार नव्हती, असं सांगतात.

पैसे आले, पण जमीनमालकाच्या हातात. दक्षिणेत कापूस पिकवणारे बहुतेक जण वाटेकरी होते, काळेही, गोरेही. १९३४ च्या करारात पडीक ठेवलेल्या जमिनीबद्दल पौंडामागे साडेचार सेंट ठरले. त्यातले साडेतीन सेंट भाडं म्हणून मालकाचे. उरलेल्या एका सेंटात निम्मा वाटा वाटेकऱ्याचा. म्हणजे त्याला अर्धा सेंट, मालकाला चार. आणि एकरच कमी झाले, तर इतके वाटेकरी हवेत कशाला? कुटुंबं बाहेर काढली जाऊ लागली. तक्रार करायची ती काउंटी समितीकडे, आणि समितीत बसलेले बहुधा मळेवालेच.

जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातल्या पॉइनसेट काउंटीत, टायरोन्झा गावाजवळच्या एका शाळेत ११ गोरे आणि ७ काळे जमले आणि त्यांनी वाटेकऱ्यांची संघटना उभी केली. त्या काळच्या दक्षिणेत दोघांनी एका संघटनेत बसणं हेच धाडस होतं. गावात कपडे धुण्याचं दुकान चालवणारा एच. एल. मिचेल आणि शेजारचा पेट्रोलपंपवाला क्ले ईस्ट हे तिचे पुढारी.

वॉशिंग्टनमध्ये जेरोम फ्रँकच्या विधी विभागाने कराराचा अर्थ लावला: आहेत तेच वाटेकरी ठेवावे लागतील. फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक आणि त्याच्या सहकाऱ्यांनाच काढून टाकण्यात आलं.

पुढे नियम सुधारले, वाटेकऱ्याचा हिस्सा वाढला. तेव्हा अनेक मालकांनी वाटेकरी काढून रोजंदारीचे मजूर ठेवले, कारण मजुराला हिस्सा द्यावा लागत नाही. सरकारी पैशातून ट्रॅक्टरही आले. म्हणजे रकाना दुरुस्त केला, तर माणूसच यादीतून गेला.

हे सगळं आजीला सांगितलं. म्हटलं, काकांचं नाव कुठेतरी कागदावर लिहू या. ती म्हणाली, "लिहून दिलं आणि उद्या तो कूळ लागला तर?"

कुळकायदा कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून झाला होता. त्याच्याच धास्तीने आज कसणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही.

पुढच्या हप्त्यातले हजार रुपये काकांना द्यायला आजी तयार झालीय. रोख, कागदाशिवाय.