घटना प्रतिसाद प्रणाली
आपत्तीस्थळी धावलेल्या अनेक यंत्रणांना एका आदेशाखाली आणणारी कार्यपद्धती. उगम कॅलिफोर्नियातील १९७० च्या वणव्यांनंतरचा. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे २०१० ची. जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे, घटनास्थळी मात्र एकच कमांडर. त्याच्या हाताखाली कार्यवाही, नियोजन व रसद असे तीन विभाग. पनवेल तालुक्यातील उलव्याला ही कार्यपद्धती दूरची नाही: विमानतळ, अटल सेतू, उरणचा तेल-वायू पट्टा जवळच, आणि सिडको, पोलीस, महसूल यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या. खरी कसोटी लागते ती रसदेची. रायगडमधीलच इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा वर गाडीरस्ता नव्हता. अवजड यंत्रे पायथ्याशीच राहिली आणि भर पावसात जवानांनी कुदळ-फावड्यांनी ढिगारा उपसला.