चोविसातले सात

घरातला कर्ता माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मागे जमीन, घर, बँकेतले पैसे कुणाचे होतात? गटाच्या बैठकांमध्ये हा प्रश्न फिरून फिरून येतो. बहुतेक वेळा तो दहावं-तेरावं उरकल्यावर येतो, आणि तोवर थोरल्या दिरानं तलाठ्याकडे जाऊन काहीतरी लिहून दिलेलं असतं. आज कायद्याची कलमं वाचून दाखवणार नाही. आज जे उत्तर मिळतं ते कसं तयार झालं, त्याला किती शतकं लागली, ते सांगणार आहे. आजच्या पुष्कळशा भांडणांची मुळं तिथेच आहेत.

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्य राजाच्या पदरी विज्ञानेश्वर नावाचा पंडित होता. हे कल्याणी म्हणजे आताचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचं. त्यानं याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ नावाची टीका लिहिली. पुढे इंग्रजांच्या कोर्टांनी तीच प्रमाण धरली. मिताक्षरेचं म्हणणं असं की, मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हक्कदार होतो. मुलगी होत नाही. एकत्र कुटुंबातला एक भाऊ वारला तर त्याचा हिस्सा उरलेल्या भावांकडे जातो. त्याच्या बायकोच्या वाट्याला येतं अन्नवस्त्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला चोळीबांगडी म्हणतात ते. नवरा भावांपासून वेगळा निघालेला असेल आणि मुलगा नसेल, तर मात्र बायकोला वारस म्हणून मिळकत मिळे. ही अट नीट ऐका. वेगळं निघणं किती घरांत घडत होतं? त्यामुळे बहुतेक विधवांच्या हाती काही पडत नव्हतं.

सतराव्या शतकात नीलकंठभट्टानं ‘व्यवहारमयूख’ लिहिला. मुंबई आणि उत्तर कोकणात त्याला मान होता. आपल्या इलाख्यातला कायदा त्यामुळे इतर प्रांतांपेक्षा बायांच्या बाबतीत थोडा मोकळा राहिला. मुलगी किंवा बहीण वारस ठरली, तर ती मिळकत पूर्णपणे तिची होई. पण सून म्हणून घरात आलेल्या बाईला, म्हणजे विधवेला, मिळायचं ते हयातीपुरतं. खायचं, राखायचं, पण खऱ्या गरजेशिवाय विकायचं नाही. तिच्यामागे सगळं परत नवऱ्याच्या वारसांकडे. जी बाई त्या रानात जन्मभर राबली तिला राखणदार ठरवायचं, हा न्याय मला कधीच कळला नाही.

त्यात 1856 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा आला. चांगलाच कायदा, पण त्यात एक काटा होता. विधवेनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हक्क संपत असे. आजही गावात ‘दुसरं घर केलं, आता हिचं इथं काय’ असं जे बोलतात, त्याला हे जुनं कलम आधार होतं. आता तो आधार राहिलेला नाही. नवरा वारला त्या क्षणी तिचा जो हिस्सा ठरला, तो नंतरच्या लग्नानं जात नाही.

पहिला मोठा फरक पडला 1937 साली. डॉ. गोपाळराव देशमुख यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा आणला. देशमुख कायदा म्हणूनच तो ओळखला गेला. त्यानं विधवेला मुलाइतका हिस्सा दिला. पण तोही हयातीपुरता, आणि मुलीला त्यात काहीच नव्हतं. शिवाय 1941 साली फेडरल कोर्टानं सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय आहे, हा कायदा तिला लागू होत नाही, प्रांतांनी वेगळा कायदा करावा. बायांच्या हक्काचा कायदा झाला आणि नेमकी शेतीच बाहेर राहिली!

त्यानंतरची हिंदू कोड बिलाची गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी 14 एप्रिलच्या कार्यक्रमात ऐकली असेल. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री होते. मुलीला वारसा, विधवेला पूर्ण मालकी, हे सगळं त्या बिलात होतं. संसदेत ते अडवलं गेलं, रखडवलं गेलं, आणि सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झालं. त्यातला एक तुकडा म्हणजे हिंदू वारसा कायदा, 17 जून 1956 पासून लागू. हिंदू, बौद्ध, जैन, शीख या सगळ्यांना तो लागतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत, आणि अनुसूचित जमातींना केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा लागत नाही. त्यावर वेगळं बोलावं लागेल.

या कायद्यानं दोन गोष्टी केल्या. बाईच्या ताब्यात जी मिळकत हयातीपुरती होती, ती पूर्ण मालकीची झाली, मग ती 1956 च्या आधी मिळालेली का असेना. आणि माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सारख्या हिश्शाचे. आई शब्दावर जोर देते, कारण वारस नोंदीत म्हातारीचं नाव सर्रास राहून जातं.

पण वडिलोपार्जित मिळकतीत मिताक्षरा तशीच ठेवली गेली. म्हणजे मुलगा जन्मतः हिस्सेदार, मुलगी नाही. आणि इथे आपल्या सांगलीची एक बाई गोष्टीत येते.

1960 च्या जून महिन्यात तिचा नवरा वारला. मागे ती, दोन मुलगे, तीन मुली. दोन घरं, जमीन, दोन दुकानं. तिनं सांगलीच्या दिवाणी कोर्टात दावा लावला: मला चोविसातले सात हिस्से वेगळे करून द्या. एक मुलगा आणि तिन्ही मुली यांनी आईचं म्हणणं मान्य केलं. दुसरा मुलगा मात्र उभा राहिला. मिळकत वडिलांच्या स्वतःच्या कमाईची आहे, आणि त्यांनी वाटण्या आधीच करून टाकल्या होत्या, असं तो म्हणाला. कोर्टानं त्याचं ऐकलं नाही. पण आईलाही दिला तो चोविसातला एकच हिस्सा.

आता हा हिशेब गुंठ्यांत करू. हाताशी पेन्सिल असेल तर घ्या. समजा जमीन 24 गुंठे आहे. कायदा म्हणतो, माणूस मरायच्या क्षणाआधी वाटणी झाली असं धरा. आपल्या मुंबईकडच्या पद्धतीत बाप-मुलांची वाटणी झाली की आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणजे बाप, आई आणि दोन मुलगे असे चार हिस्से, प्रत्येकी 6 गुंठे. मुली या वाटणीत नाहीत. मग बापाचे 6 गुंठे त्याच्या सहा वारसांत वाटायचे. आई, दोन मुलगे, तीन मुली, प्रत्येकाला 1 गुंठा. आईचे झाले 6 आणि 1, म्हणजे 7. मुलांचेही सात-सात. मुलींना एकेक. सात त्रिक एकवीस आणि तीन, चोवीस. हिशेब जुळला.

खालच्या कोर्टाचं म्हणणं होतं की, ती वाटणी फक्त बापाचा हिस्सा किती हे काढायला धरायची. आईला तो 1 गुंठाच द्यायचा, 6 गुंठे नाहीत, कारण प्रत्यक्ष वाटणी कुठे झाली? मुंबई हायकोर्टानं हे मानलं नाही आणि सात दिले. मुलगा सुप्रीम कोर्टात गेला. एप्रिल 1978 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकाल दिला. वाटणी धरली म्हणजे शेवटपर्यंत धरायची, मध्येच सोडून द्यायची नाही. आईचे सात कायम. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं झाली होती. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल आजही हिराबाईंच्या नावानं शिकवतात, आणि देशभरातल्या कोर्टांत त्याचा दाखला दिला जातो.

मला त्या तीन मुलींचंही नवल वाटतं. स्वतःच्या वाट्याला एकेक गुंठा येणार, तरी त्या आईच्या बाजूनं राहिल्या.

मुलींचा एक गुंठा बदलायला आणखी वेळ लागला. 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं, तिथून जमिनीच्या नावाची गोष्ट उघडपणे बोलली जाऊ लागली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ चालवली: नवऱ्यानं जिवंतपणीच बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची. गावंच्या गावं त्यात उतरली. 1992 मध्ये सरकारनंही लक्ष्मीमुक्ती नावानं परिपत्रक काढलं, नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्यात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागावं यासाठी. ते आजही वापरता येतं, पण अर्ज नवऱ्यानं करायचा असतो. इथेच गाडी अडते, हे तुम्हाला सांगायला नको.

22 जून 1994 पासून महाराष्ट्रानं मुलीला जन्मतः हिस्सेदार केलं. आंध्र आणि तमिळनाडू आपल्या आधी गेले होते. मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. मग 9 सप्टेंबर 2005 ला देशाचा कायदा बदलला, आणि लग्न झालेली असो नसो, मुलगी मुलासारखीच हिस्सेदार झाली. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या रीतसर वाटण्या तेवढ्या उकरता येत नाहीत. 2005 ला बाप जिवंत हवा की नको यावर कोर्टांत पंधरा वर्षं घोळ चालला. 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बाप जिवंत असण्याची अट नाही.

आता त्याच 24 गुंठ्यांचा आजचा हिशेब करा. बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली, सात हिस्से. बापाचा सातवा हिस्सा परत सहा जणांत. सगळं जमवलं की प्रत्येकाला येतात बरोबर 4 गुंठे. मुलगी एकावरून चारावर आली. मुलगे सातावरून चारावर आले, आणि आईसुद्धा सातावरून चारावर आली. ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. मुलीला द्यायचं ते फक्त भावाच्या ताटातून गेलं असं नाही, आईच्याही गेलं. तरी मला हा कायदा बरोबरच वाटतो. पण सासू आणि नणंद यांच्यात यावरून कुजबुज होते तेव्हा ती उगाच होत नाही, एवढं लक्षात ठेवा.

कायदा असा बदलत गेला, पण गावच्या दप्तराची चाल वेगळी. जुन्या सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला की थोरल्या भावाचं नाव मॅनेजर म्हणून लागायचं आणि बाकीच्यांची नावंच यायची नाहीत. दोन पिढ्यांनी त्याची मुलं म्हणतात, जमीन आमचीच. दुसरी चाल म्हणजे भावांची नावं कब्जेदार म्हणून, आणि बहिणींची व आईची ‘इतर हक्कात’. तुमच्या सासरचा आणि माहेरचा, दोन्हीकडचा उतारा काढून ही दोन ठिकाणं बघा.

माणूस गेल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यायची असते. वर्दीवरून गाव नमुना सहा-क मध्ये वारस लिहिले जातात, मग फेरफार पडतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते, आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतो. हरकत घ्यायची ती नोटिशीच्या मुदतीत, आणि लेखी. एखाद्या बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. ‘इथं अंगठा कर, तलाठ्याला दाखवायचंय’ असं म्हणून पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर काही करू नका. नाव राहून गेलं म्हणून हक्क मेला असंही नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकी कोर्ट ठरवतं.

बँकेतल्या पैशांचं वेगळं. तिथे नॉमिनी असेल त्याच्या हाती पैसे देऊन बँक मोकळी होते. पण नॉमिनी मालक होत नाही, वारसांचा वाटा त्यानं द्यायचा असतो. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर 1925 च्या कायद्याखाली कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणावं लागतं. आणि आपल्याकडे कोर्टातून जो वारस दाखला काढतात, तो एल्फिन्स्टन साहेबाच्या वेळच्या, म्हणजे 1827 च्या आठव्या रेग्युलेशनखाली. पेशवाई जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा हा नियम अजून चालतो.

आता आपल्या स्वतःच्या कमाईचं. उत्तरेकडची एक खटल्यातली हकिगत आहे. एक मुलगी लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, नवऱ्याला साप चावला होता. सासरच्यांनी तिला हाकलून दिलं. आई-बापांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, जन्मभर माहेरी राहिली. 1996 मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. तिच्या कमाईचे पैसे 2009 साली सुप्रीम कोर्टानं कुणाला दिले? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कारण मूल आणि नवरा नसलेल्या हिंदू बाईच्या स्वकमाईवर आई-बापांआधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो, असं 1956 च्या कायद्यात लिहिलंय. ते कलम अजून तसंच आहे.

आपल्या गटांत विधवा आहेत, टाकलेल्या आहेत, मूल नसलेल्या आहेत. बचत आहे, शेळ्या आहेत, कुणाचं शिलाई मशीन, कुणाचं दुकान. मृत्युपत्राला साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, केली तर बरी. आपण सही किंवा अंगठा करायचा, आणि तो करताना पाहणारे दोन साक्षीदार सही करणार. साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान आणि वारस नसलेले निवडा. पुढच्या बैठकीला येताना ज्यांना लिहायचं आहे त्यांनी आपल्या मिळकतीची यादी करून आणा, गट नंबर आणि खाते नंबरासकट.