प्रतिश्रय आणि गृह : गरिबाच्या घराविषयीं कांहीं विचार

छत्रपती संभाजीनगर हें पुऱ्यांचें शहर. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी वसविली. औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत, १६५३ सालीं, तिला औरंगाबाद हें नांव मिळालें आणि २०२३ सालीं सांप्रतचें नांव आलें. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, कर्णपुरा बिकानेरच्या राजा कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याचा पुत्र पदमसिंह याचा. पुरे कोणाचे हें अशा रीतीनें नांवांवरूनच कळतें. पण त्या पुऱ्यांतील कोष्टी, भिस्ती, माळी, शिपाई ज्या घरांत राहत तीं घरें त्यांचीं स्वतःचीं होतीं किंवा कसें, ही पृच्छा आमच्या पाहण्यांत फारशी कोणी केलेली नाहीं. स्वल्प उत्पन्नाच्या मनुष्यास हक्काचें घर कसें मिळावें, ही चर्चा सांप्रत सर्वत्र चालली आहे. तेव्हां आपल्या जुन्या ग्रंथांत व कागदपत्रांत या विषयावर कांहीं प्रकाश पडतो काय, तें पाहूं.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत, दानप्रकरणांत, लगतच्या दोन श्लोकांत दोन निरनिराळीं दानें सांगितलीं आहेत. एकांत प्रतिश्रय आहे. दुसऱ्यांत गृह आहे. प्रतिश्रय म्हणजे प्रवाशांचा आश्रय, असा अर्थ मिताक्षराकार विज्ञानेश्वर देतो. दोहोंतही माथ्यावर छप्पर आहेच. मग स्मृतिकारानें तीं वेगळीं कां मोजलीं? आमच्या मतें याचें कारण उघड आहे. प्रतिश्रयांत मनुष्य राहतो, पण वस्तु दात्याची किंवा धर्माची राहते. गृहदानांत दात्याचें स्वत्व सुटून घेणाऱ्याचें स्वत्व उत्पन्न होतें. आश्रय देणें आणि घर देणें, हीं दोन पुण्यें भिन्न होत.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत चतुर्वर्गचिंतामणि रचून त्याचें एक खंड दानासच वाहिलें. हा पंडित श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य अधिकारी होता, ही गोष्ट येथें विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. दान आणि दफ्तर यांचा संबंध जुना आहे. राजानें भूमि दिली तर पुढील राजांस कळावी म्हणून वस्त्रावर किंवा ताम्रपटावर मुद्रांकित लेख करून द्यावा, असें याज्ञवल्क्यानेंच सांगून ठेविलें आहे. मात्र एक दोष झांकून ठेवणें बरें नव्हे. शास्त्रोक्त दानाचें पात्र बहुधा विद्वान् ब्राह्मण असे. मोलमजुरी करणारा गृहस्थ त्या यादींत सहसा बसत नसे.

अशा मनुष्याच्या वांट्यास आला तर प्रतिश्रयच येई. त्याचें उत्तम उदाहरण याच शहरांत पाणचक्कीपाशीं आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाची हकीकत शाह महमूद यांच्या 'मलफुजात-इ-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथांत असून सायमन डिग्बी यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर २००१ सालीं प्रसिद्ध केलें. नहराच्या पाण्यावर जातें फिरे आणि त्या पिठावर तेथील फकिरांचा व आश्रितांचा निर्वाह चाले. धर्मकृत्य थोर खरें. पण वक्फाची मिळकत विकतां येत नाहीं आणि आश्रिताच्या मुलाकडे वारशानें जात नाहीं. संस्था टिकते ती त्यामुळेंच. आणि आश्रित आश्रितच राहतो तोही त्यामुळेंच.

दान मिळत नाहीं त्यानें घर विकत घ्यावें. तेथेंही विज्ञानेश्वराचें म्हणणें मार्मिक आहे. स्थावराच्या हस्तांतरास गांव, भाऊबंद, शेजारी व वारस यांची संमति असावी आणि तें सुवर्ण व उदक देऊन दानाच्या रूपानें करावें, असें तो सांगतो. गांवाची संमति व्यवहार प्रसिद्ध व्हावा म्हणून आणि शेजाऱ्यांची सीमेचा तंटा उरूं नये म्हणून, हा खुलासाही त्यानेंच केला आहे. आमच्या जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा व साक्षीदारांचीं नांवें येतात, त्यांचा हेतु याहून निराळा नाहीं.

पण ज्याच्यापाशीं रोकड नाहीं त्याचें काय? मुंबईस १८९६ च्या प्लेगनें दाट चाळींची दशा उघडी पाडली. पुढें रावबहादुर श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकारानें १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली. येथें दाता नाहीं. अनेकांच्या अल्प भांडवलाची मोट आहे. घर संस्थेचें आणि सभासद संस्थेचा भागीदार, अशी ही प्रतिश्रय व गृह यांच्या मधली तिसरी वाट होय.

चौथी वाट खुद्द या शहरांत दिसते. १९७२ सालीं नव्या औरंगाबादेच्या रचनेचें काम सिडकोकडे आलें आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीं हजारों लहान घरें उभीं राहिलीं. पुऱ्यांच्या या शहरांत उमरावाच्या नांवावांचून एवढी वस्ती झाली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु घर रहिवाशाचें, जमीन मात्र भाडेपट्ट्याची, अशी तेथील व्यवस्था ठरली; म्हणून जमीन मालकीहक्कानें मिळावी ही तेथील लोकांची मागणी पुष्कळ वर्षें होत आली. त्यांच्या गाऱ्हाण्याचें मूळ याज्ञवल्क्याच्या त्या दोन श्लोकांमधील अंतरांत आहे, असें आम्हांस वाटतें.

तात्पर्य, प्रतिश्रयाचें गृह होतें तें भिंतींनीं नव्हे, तर लेखानें. म्हणून संग्राहकांस आमची एक विनंती आहे. दफ्तराचे रुमाल सोडतांना सनदा व इनामपत्रें आपण जपून ठेवतों. घरठाण्याचें खरेदीखत, वांटणीपत्र, हप्त्याची पावती हीं किरकोळ म्हणून बाजूस पडतात आणि रद्दींत जातात. अशा कित्येक चिटोऱ्यांवर एका गृहस्थाच्या जन्माची कमाई लिहिलेली असते. पुऱ्यांस ज्यांचीं नांवें आहेत त्यांचा इतिहास पुष्कळ झाला. ज्यांचीं नांवें केवळ चतुःसीमेंत सांपडतात, पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस तमक्याचें, त्यांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे. आणि त्याचें साधन दरवर्षीं कमी होत आहे.